एका अमावास्येचे तीन हिशेब

२१ मार्च २०२३, मंगळवार. बिरकत अल अवामेर

आज शाबानची एकोणतिसावी तारीख. संध्याकाळी गोदामं बंद करायच्या वेळेला मशिदीच्या अंगणात बरीच माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. दोह्याच्या दक्षिणेच्या या भागात मोकळं क्षितिज सापडतं ते गोदामांच्या रांगा संपतात तिथेच. बाकी सगळीकडे पत्र्याची छपरं, कंटेनर आणि हमद बंदराकडून आलेले ट्रेलर. आमच्या पाळीवरचे खेडचे भाई मात्र चंद्र बघायला गेलेच नाहीत. "आज कुठला दिसतो? अजून अमावास्याच संपली नाय," म्हणाले. कोकणातल्या किनाऱ्याकडचा माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, अमावास्येचा हिशेब जाणून असतो. भरती-ओहोटीशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, त्यांना तो जाणावाच लागला.

रात्री वक्फ मंत्रालयाच्या चंद्रदर्शन समितीचा निर्णय आला. चंद्र दिसला नाही, शाबान तीस दिवसांचा, रमजान गुरुवारपासून. भाईंचं म्हणणं खरं होतं. चंद्र सूर्याला गाठतो तो क्षण, म्हणजेच अमावास्या संपण्याचा क्षण, कतारच्या घड्याळात आज रात्री ८ वाजून २३ मिनिटांनी आला. दोह्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळला. तेव्हा नवी कोर जन्मलीच नव्हती, तर दिसणार कुठून?

तोच क्षण भारतात रात्री १० वाजून ५३ मिनिटांचा आणि बीजिंगमध्ये २२ तारखेच्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांचा. या एका अमावास्येनंतर उद्या आपला चैत्र लागतो, उद्याच चिनी पंचांगाचा एक महिना लागतो आणि परवा रमजान. या तिन्ही हिशेबांनी जगणारी माणसं आमच्या एकाच आवारात काम करतात. यंदा हे सगळं नीट टिपून ठेवायचं.

२२ मार्च, बुधवार

सकाळी खोलीच्या खिडकीला गुढी बांधली. साखरेची गाठी दोह्याहून आणली होती, कडुनिंब तर इथे रस्त्याच्या कडेलाही मिळतो. शके १९४५ सुरू झालं. आजच भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगाचाही १ चैत्र १९४५ आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून हे पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू झालं. ते सूर्यावर चालतं, म्हणून लीप वर्ष सोडलं तर त्याचा चैत्र कायम २२ मार्चला लागतो. आपला घरचा, चंद्रावरचा पाडवा त्याच दिवशी क्वचित येतो. यंदा आला.

नवे रॅक उभारायला आणि विजेवरचे फोर्कलिफ्ट चालू करून द्यायला चीनहून आलेले एक वयस्कर तंत्रज्ञ सध्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांना शिफू म्हणतात, म्हणून आम्हीही तसंच म्हणतो. शिफू शानडोंग प्रांतातले. गुढी पाहून ते थांबले. मी सांगितलं, आज आमच्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचा पहिला दिवस. त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्यांचं कॅलेंडर दाखवलं. त्यात काल दुसऱ्या महिन्याची तीस तारीख होती आणि आज पुन्हा दुसऱ्या महिन्याची एक तारीख.

चीनचा अधिक महिना आज लागला! आपल्याकडचा यंदा श्रावणात आहे हे 'कालनिर्णय'मध्ये पाहिलं होतं. त्यांच्याकडेही असाच महिना असतो हे वाचलेलं होतं, पण समोरच्या माणसाच्या हातात तो पाहताना फार आनंद झाला.

शिफूंच्या आईचा जन्म जुन्या पंचांगानुसार दुसऱ्या महिन्यातला. वाढदिवस या महिन्याच्या सुरुवातीला होऊन गेला. आता तीच तिथी पुन्हा येणार. पुन्हा साजरा करणार का, असं विचारलं. ते नाही म्हणाले, पहिला तोच खरा. आपल्याकडे याच्या उलट. आपला अधिक महिना आधी येतो आणि निज महिना त्याच्या मागून. सगळे सण निजात होतात. चीनमध्ये मूळ महिना पुढे आणि अधिक त्याच्या पाठीशी.

२ एप्रिल, रविवार

रमजानात इथे कायद्याने दिवसाला सहा तासांचं काम. दुपारनंतर आवार शांत होतं. हा वेळ आकडेमोडीत घातला.

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. ऋतूंचं वर्ष ३६५.२४ दिवसांचं. फरक जवळजवळ ११ दिवसांचा. हा फरक भरून काढायचा की नाही, काढायचा तर कसा, यावर प्रत्येक पंचांगाचा स्वभाव ठरतो.

हिजरी पंचांग तो भरून काढत नाही. कुराणातल्या सूरा तौबाच्या ३६ आणि ३७ व्या आयतींत महिने बारा असल्याचं सांगून पवित्र महिने मागे-पुढे करण्याची जुनी अरबी रीत बंद केली आहे. अनेक इतिहासकारांच्या मते त्या रीतीत अधिक महिना घालणंही येत होतं. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१५ मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल. भाईंना यात न्याय दिसतो. ते म्हणतात, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला कधी लांब दिवसाचा रोजा येतो, कधी छोट्या दिवसाचा. एकाच मुलखाच्या वाट्याला कायमचा उन्हाळा येत नाही. हे म्हणणं मला पटतं.

इंग्रजी कॅलेंडरने दुसरं टोक धरलं. त्याचे महिने सूर्याच्या वर्षात बसतात, पण एक तारखेला आकाशात चंद्र कसा असेल ते त्यावरून कळत नाही.

चीनने आणि आपण दोन्ही धरून ठेवले. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं. दुकानदार रोजची उरलेली चिल्लर डब्यात टाकतो आणि पुरेशी साठली की एकदम वहीत मांडतो, तसे हे अकरा-अकरा दिवस साठू द्यायचे आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना वर्षात मांडायचा. एकोणीस वर्षांत असे सात महिने लागतात. एकोणीस सौर वर्षांचे दिवस ६९३९.६०, बारा गुणिले एकोणीस अधिक सात, म्हणजे २३५ चांद्रमासांचे दिवस ६९३९.६९. एकोणीस वर्षांत चूक दोन तासांची! चिनी आणि ग्रीक लोकांनी ही संख्या दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी गाठली होती.

पण अधिक महिना नेमका कुठे घालायचा? या प्रश्नाच्या उत्तरात खरी बुद्धी आहे.

सूर्याच्या वाटेचे बारा सारखे भाग करा. एक भाग ओलांडायला सूर्याला सरासरी ३०.४४ दिवस लागतात. चांद्रमास त्याहून जवळजवळ एका दिवसाने लहान. त्यामुळे भाग बदलण्याचा दिवस प्रत्येक महिन्यात थोडा थोडा पुढे सरकतो. कधी महिन्याच्या पाच तारखेला, मग सहाला, सातला, असं करत तो शेवटच्या तारखेला येतो आणि पुढच्या महिन्यात येतच नाही; तो महिना संपल्यावर येतो. सूर्याने भाग न बदललेला हा महिना अधिक. आपण भाग बदलण्याला संक्रांत म्हणतो. चीनमध्ये सूर्याच्या वर्षाचे चोवीस टप्पे केले आहेत; त्यातल्या एकाआड एक अशा बारा टप्प्यांना जोंगछी म्हणतात आणि त्या बारांवरच महिन्याचा क्रमांक ठरतो. वसंतसंपात, म्हणजे छुनफन, ज्या महिन्यात तो दुसरा. त्यापुढचा जोंगछी, गूयू, ज्यात तो तिसरा. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे दोंगजी, ज्यात तो अकरावा. ज्या महिन्यात एकही जोंगछी नाही, त्याला स्वतःचा क्रमांक मिळत नाही. तो आधीच्या महिन्याचा क्रमांक घेतो.

यंदा छुनफन बीजिंगच्या घड्याळात २१ मार्चच्या पहाटे झाला, म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नवा महिना लागला. पुढचा गूयू २० एप्रिलला आहे आणि त्याच दिवशी त्यापुढचा महिना लागतो. मधले २९ दिवस दोन्हींच्या मधोमध रिकामे राहिले.

हा नियम एका दिवसात सुचलेला नाही. चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीतल्या, भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर तेराव्या महिन्याचा उल्लेख कोरलेला सापडतो. तेव्हा जास्तीचा महिना वर्षाच्या शेवटी जोडत. इ. स. पू. १०४ मध्ये हान सम्राट वू याच्या काळात थाइछू पंचांग आलं. लुओश्या होंगसारखे ज्योतिषी आणि इतिहासकार सिमा छ्येन त्याच्या घडणीत होते. तेव्हापासून जोंगछी नसलेला महिना अधिक ठरू लागला. आपल्याकडे ऋग्वेदात बारा महिन्यांच्या जोडीला उपजणाऱ्या महिन्याचा उल्लेख आहे, आणि वेदांगज्योतिषात पाच वर्षांच्या युगात दोन अधिक मास सांगितले आहेत. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात भारतावर अरबीत ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या अधिमासाची चर्चा आहे. ज्यांच्या पंचांगात हा महिना नाही, त्यांच्यातला एक विद्वान तो इतक्या आस्थेने समजून घेत होता.

२० एप्रिल, गुरुवार

चीनचा तिसरा महिना आज लागला. बीजिंगच्या वेळेने अमावास्येचा क्षण दुपारी १२ वाजून १३ मिनिटांनी, गूयू त्यानंतर चार तासांनी. चीनच्या नियमात तास बघत नाहीत, दिवस बघतात. ज्या दिवसात अमावास्येचा क्षण पडला तो अख्खा दिवस महिन्याची एक तारीख. आपल्यासारखी तिथीची वृद्धी किंवा क्षय त्यांच्याकडे नाही. एकदा एक तारीख ठरली की पुढे सरळ दोन, तीन, चार.

आज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, एक्समाउथ गावात खग्रास सूर्यग्रहण दिसलं. इथून दिसलं नाही. अमावास्येचं गणित बरोबर असल्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. रात्री उद्याची ईद जाहीर झाली. भाईंनी शिफूंना शेवयांचं आमंत्रण दिलं.

१८ जुलै, मंगळवार

पहाटे पाचलाही वारा गरम. कायद्याने १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. कंटेनर रिकामे करणारी माणसं त्याच्या आधी आणि नंतर राबतात.

काल दिव्यांची अवस झाली. भारतात मध्यरात्र उलटून दोन मिनिटांनी अमावास्या संपली आणि आज अधिक श्रावण लागला. कर्क संक्रांत काल पहाटे होऊन गेली, सिंह संक्रांत १७ ऑगस्टला. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारीच संपते. दोन्ही संक्रांती थोडक्यात बाहेर राहिल्या. उद्या हिजरी १४४५ सुरू. चीनचा आज सहावा महिना लागला, साधा.

शिफूंनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता: नियम जर एकच, चंद्र एकच आणि सूर्यही एकच, तर आमचा अधिक महिना मार्चमध्ये आणि तुमचा जुलैत कसा?

उत्तर एकच आहे. बारा भागांची सुरुवात दोघांनी वेगवेगळ्या जागी धरली आहे. चीन वसंतसंपातापासून मोजतो, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून. आपण ताऱ्यांपासून मोजतो. पृथ्वीचा आस संथपणे डुलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या मागे सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही मोजण्या जवळपास एक होत्या. आज त्यांच्यात २४ अंशांचं, म्हणजे सुमारे २४ दिवसांचं अंतर आहे. यालाच अयनांश म्हणतात. उत्तरायण आकाशात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तीळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो, ते याच अंतरामुळे. आपण चीनप्रमाणे संपातापासून मोजलं असतं, तर २२ मार्चला लागलेला महिनाच आपल्याकडेही अधिक ठरला असता. अयनांश किती धरावा यावरही मतं आहेत. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात, त्याचं मूळ इथेच आहे.

मी दापोली तालुक्यातला. आमच्या मुरूडला १८५३ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूअल यांच्याबरोबर लिहिलेलं भारतीय पंचांगावरचं इंग्रजी पुस्तक लंडनला छापलं गेलं. दोन वर्षांनी ते वारले, पंचेचाळिशीच्या आत. दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक हे सायन पंचांगाचे, म्हणजे संपातापासून मोजण्याचे पुरस्कर्ते. त्यांचं म्हणणं असं, की धर्मशास्त्राने सण ऋतूंशी बांधले आहेत, आणि ऋतू तर संपातावर ठरतात. ताऱ्यांवरून मोजत राहिलो तर चैत्र वसंतातून हळूहळू उन्हाळ्यात जाईल. याला शास्त्राचं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, कारण शेजारची दिवाळी एका महिन्यात आणि आपली दुसऱ्या, असं कुणाला नको होतं. ते समजण्यासारखं आहे. पण या एका बाबतीत चिनी पंचांग आपल्यापेक्षा सरस आहे, आणि मुरूडच्या माणसाने हे सव्वाशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलं होतं.

६ ऑगस्ट, रविवार

घरून फोन आला. सासूबाई म्हणाल्या, "जावई एवढ्या लांब, धोंडे कुणाला वाढायचे?" अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करायचे, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताम्हण आणि दिवा द्यायचा. तेहतीस हा आकडा अधिक महिन्याच्या ३२-३३ महिन्यांच्या फेऱ्याशी जुळतो.

शिफूंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यांच्याकडे अधिक महिन्यात लग्न झालेली मुलगी आईसाठी नवे जोडे आणते. त्यांच्या बहिणीने एप्रिलमध्ये आणले. तैवानात मुली आईबापांना डुकराच्या पायाच्या रश्शातल्या शेवया नेऊन देतात, आयुष्य वाढावं म्हणून. जास्तीचा महिना म्हणजे म्हाताऱ्यांच्या वयात पडलेली जास्तीची भर, ती जपायची. आपल्याकडे देणं आईबापांकडून मुलीच्या घरी जातं, तिकडे मुलीकडून आईबापांकडे. मला त्यांची रीत अधिक आवडली, आणि तसं मी बायकोला सांगितलंही.

लग्नाच्या बाबतीतही असंच. आपण अधिक महिन्यात मुहूर्त धरत नाही. ज्याच्यावर सूर्याची संक्रांत नाही असा हा मलमास अनाथ होता आणि विष्णूने त्याला आपलं नाव दिलं, अशी कथा आहे. चीनमध्ये यंदाचं सशाचं वर्ष २२ जानेवारी २०२३ ते ९ फेब्रुवारी २०२४, असं ३८४ दिवसांचं. एवढ्या लांब वर्षात लीछुन, म्हणजे वसंतारंभाचा ४ फेब्रुवारीचा दिवस, दोनदा सापडतो, म्हणून हे वर्ष लग्नाला शुभ. पुढचं ड्रॅगनचं वर्ष १० फेब्रुवारीला सुरू होऊन २८ जानेवारी २०२५ ला संपेल. त्यात लीछुन एकदाही नाही, म्हणून अनेकजण लग्न टाळतील. शुभ-अशुभाची ही समजूत अधिक महिन्याच्या बेरजेतून निघाली आहे. हे कळल्यावर आपल्या पोरीचं लग्न कुणी अडवू नये.

अधिक महिना उन्हाळा-पावसाळ्यातच का फिरत राहतो, हेही आज मांडून पाहिलं. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि संथ चालते, म्हणून सूर्य एका राशीत साडेएकतीस दिवसांच्या आसपास राहतो. चांद्रमासात संक्रांत न सापडण्याची शक्यता तेव्हा जास्त. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याजवळ असते आणि वेगाने जाते. धनु राशीत सूर्य साडेएकोणतीस दिवसही राहत नाही. म्हणून पौष-माघ अधिक होत नाहीत. उलट तेव्हा एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडू शकतात आणि आपण तो महिना गाळतो. असा क्षयमास १९८२-८३ मध्ये आला होता.

चीनमध्ये महिना गाळत नाहीत, पण हीच अडचण त्यांनाही येते. १६४५ पर्यंत ते सूर्याची सरासरी चाल धरत. त्या वर्षी जेझुइट पाद्री आडाम शाल यांच्या हाताखाली शिश्येन पंचांग आलं आणि सूर्याची खरी चाल धरायला सुरुवात झाली. तेव्हापासून एखाद्या वर्षी जोंगछी नसलेले महिने एकाहून जास्त निघतात. त्यावर नियम असा: दोन दोंगजींच्या मध्ये तेरा महिने असतील तरच अधिक महिना घालायचा, आणि जोंगछी नसलेल्यांतला पहिला धरायचा. २०३३ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या महिन्यात जोंगछी नाही, म्हणून जुन्या छापील तक्त्यांनी सातव्या महिन्यानंतर अधिक महिना दाखवला होता. खगोलज्ञांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तो अकराव्या महिन्यानंतर, २२ डिसेंबर २०३३ पासून ठरला. आज चीनचं पंचांग नानजिंगच्या पर्पल माउंटन वेधशाळेत तयार होतं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

काल दुपारी साडेतीनला अख्खं गोदाम एका मोबाइलभोवती जमलं होतं. चांद्रयान-३ उतरलं. शिफूंनी आमच्याआधी टाळ्या वाजवल्या. त्यांचं छांग-अ-४ चंद्राच्या पलीकडच्या बाजूला २०१९ मध्ये उतरलेलं.

आखातात आजच्या सुमाराला पहाटे दक्षिणेला सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य, दिसू लागतो. इथल्या जुन्या लोकांच्या लेखी उन्हाळा मोडायला इथून सुरुवात होते. हिजरी महिने ऋतूंतून फिरत असल्यामुळे मोती काढणाऱ्यांना, खजूर लावणाऱ्यांना आणि खलाशांना त्यांच्यावर काम ठरवता येईना. म्हणून आखातातल्या लोकांनी सुहैलच्या उदयापासून दहा-दहा दिवसांचे गट मोजण्याची वेगळी पद्धत ठेवली. तिला दुरूर म्हणतात. धर्माला चंद्र आणि कामाला तारा, अशी स्वच्छ वाटणी. गेल्या ऑक्टोबरात चीनने अल खोरला पाठवलेल्या दोन पांडांची इथली नावंही सुहैल आणि सुरय्या, म्हणजे अगस्त्य आणि कृत्तिका, अशी ठेवली आहेत.

आपला शेतकरी हेच करतो. सण चंद्राच्या तिथीवर, पण पेरणी सूर्याच्या मृग नक्षत्रावर, आणि मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतो, अधिक महिना असो वा नसो. चीनचे चोवीस टप्पे याच कामाचे. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांना मानवी वारशाच्या यादीत घेतलं. आपली पावसाची नक्षत्रंही त्याच तोलाची आहेत.

नारळी पौर्णिमा यंदा ३० ऑगस्टला. अधिक महिना नसता तर ती १ ऑगस्टला आली असती, समुद्र पुरता खवळलेला असताना. पुढच्या वर्षी ती अकरा दिवस अलीकडे येईल. हर्णैच्या बंदरावर नारळ टाकायचा दिवस पावसाच्या उताराला धरून राहतो, तो अधिक महिन्यामुळे. हा महिना नसता तर नारळी पौर्णिमा सोळा-सतरा वर्षांत हिवाळ्यात गेली असती.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. काल अनंत चतुर्दशी झाली. मुंबईत कालच ईद-ए-मिलाद होती, पण विसर्जनाच्या गर्दीमुळे मुस्लिम समाजाने जुलूस आज काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने आजची सुट्टी दिली. दोन्ही पंचांगं एका दिवशी आली तेव्हा माणसांनी एक दिवस सोडला. भाई सकाळपासून ही बातमी सगळ्यांना वाचून दाखवत होते.

आज भाद्रपद पौर्णिमा आणि चीनचा मध्यशरदाचा सण, आठव्या महिन्याची पंधरा तारीख. मार्चपासून त्यांचे आणि आपले महिने एका घराने चुकले होते: आपला चैत्र तो त्यांचा अधिक दुसरा, आपला वैशाख तो त्यांचा तिसरा. आपलाही अधिक महिना घालून झाला आणि भाद्रपद पुन्हा आठव्यासमोर येऊन बसला. शिफूंनी मूनकेक वाटले. ते पुढच्या आठवड्यात परत जातील.

दोन वर्षांनी पुन्हा अंतर पडेल. चीन आपला अधिक सहावा महिना २५ जुलै २०२५ ला घालेल, आपला अधिक ज्येष्ठ त्यानंतर १७ मे २०२६ ला लागेल. त्यामुळे ६ ऑक्टोबर २०२५ ला चीनचा मध्यशरद आणि आपली कोजागिरी एकाच रात्री येतील.

ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना एक सांगणं आहे. मे २०२६ चं पंचांग हातात आलं की त्यांना घेऊन बसा. दोन अमावास्यांवर बोट ठेवा आणि मधल्या दिवसांत संक्रांत शोधायला सांगा. वृषभ संक्रांत १५ मे रोजी आधीच होऊन गेलेली असेल, आणि मिथुन संक्रांत १५ जूनला, अमावास्या संपल्यावर काही तासांनी होईल. मधे एकही सापडणार नाही.